न बसायची खुर्ची

आमच्या घरी बैठकीच्या खोलीत एक खुर्ची होती, तिच्यावर बसायचं नाही. वेताची, रुंद हातांची, घरातली सगळ्यात आरामशीर. नवखा पाहुणा चुकून तिच्याकडे वळला की बाबा वाहतूक पोलिसासारखा हात वर करायचे आणि म्हणायचे, "ती रिकामीच राहू दे." ती खुर्ची रागासाठी राखून ठेवलेली होती.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल आमच्याकडे भुताखेतांचा कारभार होता. तसं असतं तर परवडलं असतं. माझे बाबा मानसशास्त्राचे प्राध्यापक. निवृत्त झाले तरी सगळे त्यांना सरच म्हणतात. दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे वाचनमंडळ जमायचं आणि प्राचीन ग्रीक शोकांतिका मोठ्याने वाचल्या जायच्या. कुणी कुठली भूमिका वाचायची हे बाबा ठरवणार, कारण त्यांना म्हणे माणसाची छाया, म्हणजे त्याने आत दडवलेली बाजू, दिसते. वाचता वाचता कुणाला रडू आलं तर त्याने खुशाल रडावं. राग आला तर मात्र थांबायचं, त्या खुर्चीकडे तोंड करायचं आणि काय सुनावायचं ते खुर्चीला सुनावायचं. कारण राग समोरच्या माणसावर कधीच नसतो, असा बाबांचा सिद्धांत. ज्याच्यावर असतो तो खोलीत नसतो, तो लहानपणी कुठेतरी मागे राहिलेला असतो. समोरचा बिचारा नुसती खुंटी, त्याच्यावर आपण आपला राग टांगतो.

किती सोयीचं! विशेषतः कायम समोर बसणाऱ्या माणसाच्या.

मंडळातले बँक मॅनेजर त्या खुर्चीला आपल्या वारलेल्या वडिलांच्या नावाने वर्षानुवर्षं शिव्या घालत होते. कविता करणाऱ्या एक बाई होत्या, त्या खुर्चीला सासू समजून बोलायच्या, आणि सासू पलीकडच्याच गल्लीत धडधाकट राहत होती. माझी आई या सगळ्यांना चहा द्यायची आणि मग स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहायची, कारण माणसं जास्त आणि खुर्च्या कमी. आईचे गुडघे दुखतात. बाबांच्या मते ते गुडघे नव्हतेच, तो न झुकणारा अहंकार होता. आई हे ऐकायची आणि दुसऱ्या पायावर भार द्यायची.

मंडळाचा आणखी एक नियम होता. एक नाटक चार-पाच शनिवार चालायचं. ते संपेपर्यंत कुणाचं काही दुखलं-खुपलं तर त्याला औषध लावायचं नाही. पाठ धरली, डोकं उठलं, अंगावर पुरळ आलं, तर ते नाटकाने नेणिवेतून वर काढलेलं लक्षण. गोळी घेतली की ते गप्प बसणार आणि आतलं सत्य पुन्हा तळाशी जाणार. त्याऐवजी लक्षणाशी बोलायचं, त्याला काय म्हणायचंय ते विचारायचं, पडलेली स्वप्नं येऊन सांगायची. मग पाठ सुटायची, पुरळही जायचं, कारण ती जातातच. श्रेय शोकांतिकेला.

मी त्या मंडळाची सभासद नव्हते. मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर लोकांवर "आरशात बघा, आरशात बघा" म्हणून ओरडणं हा माझा धंदा, त्यामुळे आवाज जरा चढाच असतो. माझ्या बाजूलाही ब्रेक असतो म्हणून मी हे काम निवडलं, सगळ्यांना थांबवायची मला हौस आहे, असं बाबांचं माझ्याबद्दलचं निदान. असेलही. मी शनिवारी जायचे ते आईच्या हाताखाली कप धुवायला आणि छोटीला भेटायला.

छोटी म्हणजे माझी धाकटी बहीण. ती आईबाबांकडेच राहते आणि दंतवैद्यांना कृत्रिम दात पुरवणाऱ्या लॅबमध्ये ते दात तयार करते. करायची. पोर्सेलीनचा दात असा घडवायचा, त्यावर इतक्या बारीक छटा चढवायच्या, की माणूस हसला तर खरा कुठला नि केलेला कुठला हे त्याच्या बायकोलाही ओळखता येऊ नये. छोटी त्यात वाकबगार होती. आणि बाबांची लाडकीही होती. तिला राग यायचाच नाही. त्या खुर्चीला ती जन्मात एक शब्द बोलली नव्हती. बाबा म्हणायचे, मंडळात सगळ्यात पुढे गेलेली हीच.

त्या वेळी जे नाटक चालू होतं त्यात एक राजा आपल्या मुलीचा बळी देतो. वारा पडलेला, जहाजं बंदरात अडकलेली, सैन्य कुरकुर करतंय. देवी म्हणते, मुलगी दे, वारा देते. तो देतो. राजा बाबा वाचायचे. मुलगी कोण वाचणार हे सांगायला नको.

"ही मुलगी म्हणजे मुलगी नव्हे," बाबा एका शनिवारी मंडळाला समजावत होते. मी कप गोळा करत होते. "तो राजाच्याच आतला कोवळा भाग आहे. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाला तो आधी कापावा लागतो. नाटक बाहेर घडतच नाही, ते राजाच्या मनात घडतं."

"पण बाबा, मान कोणाची कापली?" मी विचारलं.

मॅनेजर हसले. बाबाही हसले. "सगळं शब्दशः घेऊ नकोस गं."

शब्दशः हा आमच्या घरात अपशब्द होता.

तेवढ्यात छोटी म्हणाली, "बाबा, माझ्या डाव्या डोळ्यात कडेला वीज चमकल्यासारखं होतंय. आणि काळे ठिपके तरंगतात, पाण्यात शाई सांडल्यासारखे."

बाबांनी कप खाली ठेवला. इतकं खूश झालेलं मी त्यांना क्वचितच पाहिलंय. "केव्हापासून?"

"गुरुवारपासून."

"म्हणजे मुलगी वेदीकडे चालत गेली, तो प्रवेश वाचल्यानंतर."

"त्यानंतर मी लॅबमध्ये पण होते की, बाबा. काम खूप होतं."

"काय बघायचं नाहीये तुला?" बाबांनी अगदी हळू आवाजात विचारलं. सगळं मंडळ खुर्च्यांच्या काठावर आलं. कवयित्रीबाईंनी तर छातीवर हात ठेवला.

छोटीने डावा डोळा चोळला. मग म्हणाली, "सोमवारी डॉक्टरकडे जाऊन येऊ का?"

तिने विचारलं. मी तिथे होते, माझ्या हातात पाच कप होते आणि मी माझ्या कानांनी ऐकलं.

"नाटक संपू दे," बाबा म्हणाले. "थोडंच राहिलंय. डॉक्टर थेंब देईल, आणि इतक्या कष्टाने वर आलेली प्रतिमा मरून जाईल. अंधाराशी बोल. तो तुझ्याशी बोलायला आलाय."

"अहो, डोळा आहे तो!" मी ओरडले. "डोळा दुखला की माणूस डोळ्याच्या डॉक्टरकडे जातो. यात नाटक कुठून आलं?"

बाबांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. सगळी डोकी माझ्याकडून खुर्चीकडे वळली, कारण आता मी खुर्चीला काहीतरी सुनावणार आणि त्यांना माझं बालपण ऐकायला मिळणार. मी कप तिथेच आपटले, पर्स उचलली आणि निघाले. जिन्यात छोटीला गाठून सांगितलं, सोमवारी मुकाट्याने जा. ती हो म्हणाली. मी रविवारी फोन केला, सोमवारी केला. "बघते गं ताई," म्हणाली.

दर बुधवारी शेवटचा विद्यार्थी गेला की मी छोटीला गाडी द्यायचे. तिच्याकडे लायसन्स होतं, पण हात बसला नव्हता. त्या बुधवारी ती नीट चालवत होती. कोपऱ्यावर एक रंगारी खांद्यावर शिडी घेऊन डावीकडून रस्त्यात उतरला. छोटी सरळ त्याच्यावर निघाली. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला तेव्हा शिडीचं टोक काचेपासून वीतभर होतं. रंगाऱ्याने बॉनेटवर हात आपटून आमचा उद्धार केला. बरोबरच केला.

"दिसला नाही तुला?"

"कुठून आला तो?" ती म्हणाली.

मी तिचा उजवा डोळा माझ्या तळव्याने झाकला. "माझं तोंड दिसतंय?"

"अर्धं. डावीकडून काळं सरकत येतंय, ताई. रविवारी कडेला होतं. आता नाकापर्यंत आलंय."

"आणि तू बोलली नाहीस?"

"बाबांना सांगितलं. ते म्हणाले, घाबरू नकोस, त्यात उतर. शेवटचा प्रवेश जवळ आलाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला उतरवलं, स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि विद्यार्थ्यांना जे जे करू नका म्हणून सांगते ते सगळं करत डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये पोचले.

डॉक्टर बाई बुटक्या, थकलेल्या, फार न बोलणाऱ्या. त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. म्हणाल्या, डोळ्याच्या आतला पडदा फाटून सुटलाय, मधला महत्त्वाचा भागही सुटलाय. उद्या सकाळी ऑपरेशन करू, पण किती परत येईल सांगता येत नाही. वीज चमकली त्याच दिवशी आली असती तर लेझरने भोक बंद करून घरी पाठवली असती.

"कुणी थांबवलं का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"नाही," छोटी म्हणाली. "माझंच राहून गेलं."

मी तोंड उघडलं, तर तिने माझा हात दाबला. घट्ट. आजही तो दाब आठवला की मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटतो. कुणाचा ते मला पक्कं ठाऊक आहे. त्यासाठी खुर्ची लागत नाही.

निघताना डॉक्टर बाईंनी बजावलं, चष्म्याचा मोठा नंबर घराण्यात आहे, तेव्हा घरात आणखी कुणाला वीज चमकलेली दिसली तर असेल तसं निघून यायचं. मी हे घरी जाऊन सांगितलं. बाबांनी मान हलवली.

ऑपरेशन झालं. नंतर कित्येक दिवस छोटीला पालथं झोपून राहावं लागलं, तोंड उशीच्या खाचेत. बाबा हॉस्पिटलमध्ये आले, तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बाळा, काही गोष्टी गमावल्याशिवाय दिसत नाहीत." मी त्यांना दंडाला धरून बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं.

"बाबा, एक शब्द म्हणा. चुकलो, एवढंच. मला नका म्हणू, तिला म्हणा. मी पुन्हा कधी विषय काढणार नाही."

त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. खरंच मायेने, म्हणून तर संताप झाला. "तुझा हा राग माझ्यावर नाहीये गं," ते म्हणाले.

डोळा दिसायला शाबूत राहिला, पण त्यातून छोटीला समोर हलवलेल्या हाताची सावली दिसते, बस. लॅबमध्ये तिने प्रयत्न केला. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, ब्रशचं टोक दाताला लागलं की हवेत आहे ते कळत नाही. तिने घडवलेले दात दवाखान्यांतून परत यायला लागले. मालक भले होते, त्यांनी तिला फोनवर बसवलं. "फोन घ्यायलाही माणूस लागतोच ना," छोटी म्हणाली. घरी चहा ओतताना तिची धार कपाच्या बाहेर पडायची. आई टेबल पुसायची.

आणि मग शनिवार पुन्हा सुरू झाले. नवं नाटक. त्यात एक आंधळा द्रष्टा येतो आणि राजाला तोंडावर खरं सांगतो. मी छोटीला लॅबमधून आणून सोडलं होतं आणि आईपाशी थांबले होते. बाबांनी भूमिका वाटल्या.

"द्रष्टा," ते म्हणाले आणि छोटीकडे वळले. "आता ही भूमिका दुसरं कोण वाचणार?"

खोलीत शांतता पसरली, ती भक्तीची. कवयित्रीबाईंचे डोळे भरून आले. मॅनेजर म्हणाले, "वा, सर." कुणालाही लाज वाटली नाही. त्यांनी एका मुलीचा डोळा घेतला होता आणि आता त्याचं तिला बक्षीस देत होते.

मी आत गेले. बाबांचं बोट उठायच्या आधीच मी त्या खुर्चीपर्यंत पोचले आणि तिच्यात बसले. मांडी ठोकून बसले.

"ही घ्या," मी म्हणाले. "आता खोलीत कुणी नाही असं म्हणायची सोय राहिली नाही. मी आहे. तुमच्या या नाटकांत किती माणसं दारात येऊन राजाला साधं सरळ सांगतात? बायको सांगते, दूत सांगतो, म्हातारा मेंढपाळ सांगतो. नेणीव कसली नि फेणीव कसली? नाटक एवढंच आहे की घरातली माणसं सांगतात आणि तो ऐकत नाही. आणि मग दुसरंच कुणीतरी मरतं. छोटी म्हणजे तुमच्या आतला कोवळा भाग नाही, बाबा. ती छोटी आहे. तिने विचारलं होतं डॉक्टरकडे जाऊ का, आणि तुम्ही नको म्हणालात. या सगळ्यांनी ऐकलंय!"

मॅनेजर आपल्या पुस्तकात बघायला लागले. क्षणभर मला वाटलं, बाबांना लागलं. मग ते पुढे वाकले, त्यांचा तो हळू आवाज काढला आणि म्हणाले, "त्या खुर्चीत आज तू स्वतःच जाऊन बसलीस. याचा अर्थ काय, यावर विचार कर."

मंडळात सुस्कारे निघाले. मॅनेजरांनी मान वर केली, त्यांची सुटका झाली होती. मी सगळ्यात जास्त ज्याला घाबरत होते तेच झालं, माझा राग त्यांनी त्यांच्या वहीत जमा करून टाकला. मी छोटीकडे पाहिलं. तिने पान डोळ्यांजवळ धरलं आणि द्रष्ट्याचं भाषण वाचायला लागली. दोनदा ओळ चुकली, दोनदा मागे आली. मी उठून घरी गेले. त्यानंतर मी शनिवारी गेले नाही.

काही महिने गेले. एक दिवस सकाळी मी एका घाबरट काकूंना रिव्हर्स शिकवत होते, तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"उजव्या डोळ्यात वीज चमकली. आत्ताच. दोनदा. गाडी घेऊन ये."

"आत्ता?"

"लगेच!"

मी काकूंना त्यांच्या घरी उतरवलं आणि गेले. बाबा फाटकातच उभे होते. बूट घातलेले, चष्म्याच्या जुन्या नंबरांची फाइल काखेत, अंगात घरातला शर्ट. गाडीत बसल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी पुढचा डॅशबोर्ड धरला. सिग्नल लागला तेव्हा म्हणाले, "इथून डावीकडून काढता येणार नाही का?" माझे वडील, ज्यांनी आयुष्यभर लोकांना अंधारात उतरा म्हणून सांगितलं, ते मला सिग्नल तोडायला सांगत होते. मी एक शब्द बोलले नाही. मला भीती होती, बोलायला लागले तर गाडी कुठेतरी घालेन.

बुटक्या डॉक्टर बाईंनी पाहिलं. छोटंसं भोक. लेझर मारलं आणि दुपारच्या जेवणाच्या आत आम्ही घरी निघालोही. "वेळेवर आलात," बाई म्हणाल्या. "शाबास तुमची."

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "स्वप्न काय पडलं होतं, बाबा?"

ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

दार छोटीने उघडलं. त्या दिवशी लॅब बंद होती. आई तिच्या मागे. बाबा आपल्या नेहमीच्या जागी बसले, आणि छोटीने विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टर?"

"वेळेत गेलो. आता काही धोका नाही."

"कधी चमकली?"

"सकाळी. चहाच्या आधी."

"आणि चहा?"

"तो तसाच राहिला," बाबा म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले.

टेबलावर कप खरंच तसाच होता, वर साय धरलेला. छोटीने त्याच्याकडे पाहिलं. मग ती रिकाम्या खुर्चीकडे गेली. हात पुढे करून खुर्चीचा हात शोधला, पहिल्यांदा चुकला, मग सापडला. मला वाटलं, ती बसणार. ती बसली नाही. तिने खुर्ची फरफटत आणून बाजूला भिंतीशी लावली, म्हणजे तिच्या आणि बाबांच्या मध्ये काही राहिलं नाही.

"मला राग आलाय," ती म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. "तुमच्यावर. लहानपणचा नाही. मी तुम्हाला विचारलं होतं, डॉक्टरकडे जाऊ का. मी घाबरले होते. तुम्ही नाही म्हणालात. आज तुम्ही चहासुद्धा संपवला नाहीत."

बाबांनी तोंड उघडलं. मला ते तोंड ठाऊक आहे, त्यात वाक्य तयार असतं. या वेळी ते आलं नाही. ते भिंतीकडे, खुर्चीकडे बघायला लागले.

"तिकडे नाही," छोटी म्हणाली. "इकडे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. दोन्ही डोळ्यांनी.

"मी तुम्हाला विचारलं होतं की नाही?"

"हो," बाबा म्हणाले.

"आणि तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

छोटी थांबली. चुकलो हा शब्द ती आता मागेल, असं मला वाटलं. तिने मागितला नाही. ती वळली आणि दाराला टेकून उभ्या असलेल्या आईला म्हणाली, "आई, बस."

आई जागची हलली नाही. तिने सवयीने बाबांकडे पाहिलं. बाबांचा हात वर झाला नाही. मग ती एकेक पाय टाकत आली, वेताच्या दोन्ही हातांवर भार देऊन हळूहळू खाली बसली आणि पाय लांब केले. बराच वेळ ती आपल्या गुडघ्यांवरून तळवे फिरवत राहिली.

"इतकी वर्षं उभी राहिले मी," ती म्हणाली. "आणि इथे तर कुणीच नव्हतं."